त्या हृदयाच्या चित्राखालची ओळ

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गर्भात अवयव कसे घडतात आणि त्याचा अभ्यास आता संगणकावर कसा चालतो, यावर पानभर लेख आला. मी तो दोनदा वाचला. एरवी विज्ञानाच्या पानावर ‘शास्त्रज्ञ थक्क’ याच्या पुढे फारसं काही नसतं, त्या मानाने हा खूपच बरा होता. माझी तक्रार लेखाबद्दल नाही, वरच्या अर्ध्या पानावर छापलेल्या चित्राखालच्या ओळीबद्दल आहे. निळ्याशार पार्श्वभूमीवर नारिंगी, पीळ पडलेली नळी आणि खाली ‘आईच्या पोटातील बाळाच्या हृदयाचे संगणकाने टिपलेले छायाचित्र’.

ते छायाचित्र नाही. बाळाचं तर नाहीच. आणि संगणकाने ते टिपलेलं नाही, आकडेमोड करून काढलेलं आहे. लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात ‘उंदराच्या भ्रूणांवरून तयार केलेली संगणकीय प्रतिकृती’ असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे लेखकाला सगळं ठाऊक होतं, ओळ लिहिणारा तिथपर्यंत पोचला नसावा.

एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला, असं माझ्या घरात म्हणून झालंय. पण मी एकतीस वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, आणि अशीच एक ओळ न लिहिल्यामुळे माझ्या हातून काय झालं ते सांगितल्याशिवाय ही तक्रार कळायची नाही.

माझं काम होतं काप काढायचं. उबवलेलं अंडं फोडून त्यातला तीन दिवसांचा भ्रूण अलगद उचलायचा, पिवळ्याधमक द्रावणात ठेवून तो पक्का करायचा, मग चढत्या अल्कोहोलमधून नेत नेत त्यातलं पाणी काढायचं आणि शेवटी वितळलेल्या मेणात गाडायचा. मेणाचा ठोकळा थंड झाला की मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर चढवायचा. चाक एकदा फिरवलं की १० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा एक काप. पुढचा काप आधीच्याला चिकटून येतो, आणि बघता बघता सुरीवरून मेणाची फीत उतरायला लागते. ती फीत कुंचल्याच्या टोकावर झेलायची, कोमट पाण्यावर पसरवायची आणि काचेवर घ्यायची. काच आधी अंड्याच्या पांढऱ्याने पुसून ठेवायची, म्हणजे काप चिकटतो. कोंबडीचं पिल्लू होऊ घातलेला जीव अंड्याच्याच पांढऱ्याने काचेला चिकटवायचा, याचं मला पहिली काही वर्षं हसू यायचं, नंतर येईनासं झालं. एका भ्रूणाचे सात-आठशे काप होत. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणं बंद. शिंक आली तर आधी तोंड फिरवायचं, मग शिंकायचं.

आमच्या सरांना विद्यार्थ्यांसाठी हृदयाची मोठी प्रतिकृती हवी होती. पद्धत जुनीच. गुस्टाव बॉर्न नावाच्या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८८३ मध्ये मांडलेली. काप शंभर पट मोठा करून मेणाच्या चकतीवर गिरवायचा. काप १० मायक्रॉनचा, तर चकती बरोबर १ मिलिमीटर जाडीची. रेषेवरून कापायची आणि चकत्या क्रमाने एकावर एक रचायच्या, की डोळ्यांना न दिसणारा अवयव हातात येतो. आम्ही मेणाऐवजी पुठ्ठा घेतला. हृदयाचे दीडशे काप, म्हणून दीडशे पुठ्ठे, उंची पंधरा सेंटिमीटर. मी ते दुपारच्या रिकाम्या वेळात कापत असे, सहा महिने लागले.

काप क्रमांक ६१ ते ६९ मात्र माझ्याकडे नव्हते. ते काढत असताना बाहेरून आलेल्या कुणीतरी ‘किती उकडतंय हो इथे’ म्हणत पंखा लावला आणि नऊ कापांची फीत उडून स्वतःवरच गुंडाळली गेली. चूक त्यांची म्हणत नाही, दाराला कडी लावायची आठवण मला राहिली नव्हती. सर म्हणाले, “मधलं जुळवून घ्या.” साठावा पुठ्ठा आणि सत्तरावा पुठ्ठा एका रेषेत येत नव्हते, थोडे सरकलेले होते. मी मध्ये नऊ पुठ्ठे असे कापले की एका बाजूने हलकासा फुगवटा येऊन सगळं गुळगुळीत बसलं. रंग दिला. काचेच्या कपाटात ते हृदय फारच देखणं दिसायचं.

पुढची अकरा वर्षं विद्यार्थी ते हृदय जर्नलमध्ये काढत होते. फुगवट्यासकट. एकाने तर त्याला बाण करून नावही दिलं होतं, आणि त्या चित्रावर बरोबरची खूण होती. दुसऱ्या कामासाठी त्याच वयाचा आणखी एक भ्रूण मी कापला तेव्हा पाहिलं, की फुगवटा नाही. आणखी एक कापला. त्यातही नाही. सरांना सांगितलं. ते कपाटापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “मोडू नका. चिठ्ठी लावा.” मी चिठ्ठी लावली, ‘काप ६१ ते ६९ उपलब्ध नाहीत. हा भाग अंदाजाने.’

आता तुमच्या चित्राकडे येते.

पुठ्ठ्यांचं जे, तेच संगणकाचं. अवयवाचं त्रिमितीय चित्र कधीच नुसतं ‘टिपलेलं’ नसतं, ते रचलेलं असतं, आणि रचताना कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. वाकडी मेणबत्ती घ्या, तिच्या पातळ चकत्या करा आणि चकतीवर चकती रचा. मेणबत्ती सरळ होऊन बसेल. बाक चकतीत राहतच नाही, तो चकत्यांच्या आपसातल्या जागेत असतो, आणि ती जागा कापताना गेली. म्हणून जुनी माणसं भ्रूण कापायच्या आधी त्याचं बाहेरून नीट चित्र काढून ठेवत. विल्हेल्म हिस यांनी १८८० नंतरच्या दशकात माणसाच्या भ्रूणांची अशी पुनर्रचना केली. फ्रायबर्गच्या अडॉल्फ झिग्लर यांनी मेणात ओतलेल्या भ्रूणांच्या प्रतिकृती त्या काळी जगभरच्या विद्यापीठांत गेल्या. हे हिस मला आवडतात, कारण त्यांना नुसता आकार पुरत नसे, आकार का आला हे हवं असायचं. रबराची नळी वाकवून ते दाखवत की मेंदू होऊ घातलेल्या नळीलाही असेच बाक पडत असतील. हेकेल या त्या काळच्या नामवंत जर्मन जीवशास्त्रज्ञाने त्यांची यथेच्छ टर उडवली होती. रबराची नळी मात्र सव्वाशेहून जास्त वर्षांनी परत आली, ते पुढे सांगते.

माझी भाची याच विषयात संशोधन करते. गेल्या वर्षी ती घरी आली असताना तिने लॅपटॉपवर एका माशाच्या भ्रूणाची फिल्म दाखवली. झेब्राफिश, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मासा, पण त्याचा भ्रूण काचेसारखा पारदर्शक. प्रत्येक पेशीचं केंद्रक ठिपक्यासारखं चमकत होतं. जेलीफिशमध्ये सापडलेलं चमकणारं प्रथिन पेशींना जोडून ही किमया करतात. त्या प्रथिनासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल होतं. ठिपके एकाचे दोन, दोनाचे चार होत होते, घोळक्याने सरकत होते, एका कडेने आत वळून दिसेनासे होत होते.

“मावशी, तू मेणात गाडून कापायचीस. आम्ही उजेडाने कापतो,” ती म्हणाली.

उजेडाने कापणं म्हणजे असं. प्रकाशाचा कागदासारखा पातळ पडदा बाजूने आत सोडायचा आणि कॅमेरा त्याला काटकोनात धरायचा. त्या क्षणी फक्त तेवढी एक पातळी उजळते, बाकीचा भ्रूण अंधारात. पडदा थोडा पुढे सरकवला की पुढचा काप. सुरी नाही, मेण नाही, आणि मुख्य म्हणजे भ्रूण जिवंत राहतो. साध्या पद्धतीत प्रत्येक फोटोला सगळ्या भ्रूणावर प्रखर उजेड पडतो आणि पेशी होरपळतात, इथे उजेडाची काटकसर आहे. २००४ मध्ये हे तंत्र भ्रूणांवर वापरून दाखवलं गेलं. २००८ मध्ये झेब्राफिशच्या पहिल्या चोवीस तासांचं चित्रण याच मार्गाने झालं, दर मिनिटाला दीड अब्ज त्रिमितीय बिंदू नोंदवत. २०१८ मध्ये उंदराच्या भ्रूणाचं, अवयवांची सुरुवात होते त्या दोन दिवसांचं, पेशीपेशीनिशी चित्रण झालं. उंदराचा भ्रूण माशासारखा पारदर्शक नाही, आणि वाढताना तो फुगतो, सरकतो, धूसर होतो, म्हणून तिथला सूक्ष्मदर्शक क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेत राहतो.

मी विचारलं, “मग हे सगळं खरं? यात जुळवून घेतलेलं काहीच नाही?”

तिने फिल्म थांबवली आणि दुसरी खिडकी उघडली. तिथे तेच ठिपके होते, पण प्रत्येकामागे शेपटासारखी रेघ. ती रेघ संगणकाने ओढलेली. एका फोटोतला हा ठिपका म्हणजे पुढच्या फोटोतला तो ठिपका, असं तो ठरवतो. दोन पेशी अगदी जवळून गेल्या की फसतो आणि एकीची शेपटी दुसरीला लावतो. भाची रोज दोन-दोन तास नुसतं ‘ही तीच का?’ करत बसते. चुकलेली रेघ तोडायची, बरोबर जागी जोडायची. तिने मला हिशेब करून दाखवला. प्रत्येक जोडणी ९९ टक्के अचूक असली, तरी सलग शंभर जोडण्यांनंतर ती रेघ त्याच पेशीची असण्याची शक्यता उरते साधारण ३७ टक्के. मला माझे नऊ पुठ्ठे आठवले. तिच्या फिल्ममध्ये दुरुस्त केलेल्या रेघा एका रंगात होत्या, न तपासलेल्या दुसऱ्या रंगात. चिठ्ठीच ती.

हे काम माणसाने नुसत्या डोळ्यांनीही केलेलं आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. जॉन सल्स्टन नावाच्या संशोधकाने मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीचा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रत्येक पेशीची वंशावळ कागदावर उतरवली. दीड वर्ष, रोज चार-चार तासांच्या दोन बैठका. १९८३ मध्ये ती पूर्ण छापली गेली. भ्रूणात ६७१ पेशी जन्मतात, त्यातल्या ११३ ठरलेल्या वेळी मरतात, ५५८ घेऊन कृमी बाहेर येतो. २००२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण ६७१ पेशींपर्यंत डोळे आणि पेन्सिल पुरतात. उंदराच्या हृदयाला नाही पुरत.

इथवर झालं ते चित्र. तुमच्या पानावर होती ती प्रतिकृती, म्हणजे ज्याला ही मंडळी मॉडेल म्हणतात ते, आणि त्याची जात वेगळी. चित्र सांगतं काय झालं. मॉडेल विचारतं, एवढ्या-एवढ्या कारणांनी हे होईल का? लेखात हा फरक दोन ओळींत उरकला होता, मी जरा थांबते.

हृदय सुरुवातीला जवळजवळ सरळ नळी असतं. दोन्ही टोकांना ती बांधलेली असते, आणि लांबीत मात्र वाढत राहते. जागा तेवढीच, लांबी जास्त, मग ती वाकणारच. घरात ड्रॉपरची रबरी नळी असेल तर दोन चिमटींत दोन टोकं धरून आत ढकला. मध्ये बाक येतो. पण कधी उजवीकडे, कधी डावीकडे. आता एक टोक किंचित, अगदी किंचित पिळून धरा आणि पुन्हा ढकला. दर वेळी एकाच बाजूला बाक येईल, आणि नुसता बाक नाही, जिन्यासारखा पीळ. मी हे शंभरेक वेळा करून पाहिलंय, नातवाने नळी पळवली तेव्हा थांबले. २०१७ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी उंदराच्या हृदयाबद्दल जे मांडलं ते याच अंगाने जातं. त्यांनी वेगवेगळ्या वयांच्या भ्रूणांची त्रिमितीय पुनर्रचना करून नळीची लांबी, टोकांमधलं अंतर आणि टोकांजवळचा डावा-उजवा फरक मोजला. ती मापं संगणकात घातली आणि पाहिलं की एवढ्याने खऱ्या हृदयासारखा पीळ येतो का. येतो. हे कळायला चित्रही लागलं आणि गणितही, पण पानावर नारिंगी नळी होती ती गणितातून आलेली.

मॉडेलची खरी किंमत मला ते चुकतं तेव्हा कळली. हात-पाय सुरुवातीला कळीसारखा उंचवटा असतात, आणि ती कळी लांब होत जाते. वर्षानुवर्षं समज असा की टोकाकडच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून टोक पुढे जातं. पटणारी गोष्ट आहे, मीही तशीच ऐकत आले होते. २०१० मध्ये उंदराच्या हातापायाच्या कळीचा आकार आणि पेशीविभाजनाचा वेग प्रत्यक्ष मोजून संगणकात घातला गेला, तर तिथे फुगलेला गोळा आला, लांब कळी नाही. उलट विचारलं, की लांब कळी हवी असेल तर विभाजन कुठे किती लागेल, तर उत्तर असं आलं की काही ठिकाणी ऊती आक्रसायला हवी. म्हणजे अशक्यच. मग पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे गेले आणि दिसलं की पेशी एका दिशेने लांबट आहेत, त्या ठरावीक दिशेला झुकून सरकतात, विभागतात. कळी केवळ विभाजनाच्या वेगाने लांबत नव्हती, दिशेनेही लांबत होती. पटणारी गोष्ट खोटी ठरवायला संगणक लागला. नुसत्या देखण्या चित्राने ते कधीच झालं नसतं, चित्रात तर कळी लांब होताना दिसतच होती!

आता ती रबराची नळी. आतड्याला वेटोळी कशी पडतात? पोटात जागा कमी म्हणून कोंबलं जातं, असं आम्हाला शिकवलं होतं. २०११ मध्ये हार्वर्डच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातलं आतडं त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यापासून कापून सोडवलं. आतडं सरळ झालं आणि पडदा आखडला. म्हणजे आतडं पडद्यापेक्षा जास्त वेगाने वाढतं, आणि आखूड पट्टीला लांब कापड शिवलं की चुण्या पडाव्यात तशी वेटोळी पडतात. मग त्यांनी खरोखरच रबराची पट्टी ताणली, तिच्या कडेला रबराची नळी शिवली आणि पट्टी सोडून दिली. हुबेहूब वेटोळी! आणि नुसतं ‘दिसायला तसंच’ यावर ते थांबले नाहीत. आतड्याची जाडी, दोन्हींचा ताठरपणा आणि वाढीतला फरक मोजून किती वेटोळी पडतील आणि केवढी, ते गणिताने आधी काढलं, आणि ते कोंबडी, लाव्हा, फिंच पक्षी आणि उंदीर यांच्याशी जुळलं. सुई-दोऱ्याने केलेलं हे विज्ञान वाचून मी एक अख्खी दुपार खूश होते. हिस असते तर हेकेलला पत्र धाडलं असतं.

कधी गणित आधी येतं आणि डोळे मागून पोचतात. पाठीच्या कण्याचे मणके ज्यांपासून होतात ते कायखंड भ्रूणाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने उमटत जातात. कुक आणि झीमन या दोघांनी १९७६ मध्ये कागदावर मांडलं, की पेशींमध्ये एक घड्याळ असलं पाहिजे आणि त्याच्या जोडीला डोक्याकडून शेपटीकडे सरकणारी एक लाट. घड्याळ कुणी पाहिलेलं नव्हतं. १९९७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात एक जनुक नव्वद मिनिटांच्या तालावर चालू-बंद होताना सापडलं, आणि नव्वद मिनिटांत कायखंडांची बरोबर एक जोडी होते. मी हजारो भ्रूणांच्या जोड्या मोजल्या आहेत, वय ओळखायची आमची तीच रीत. दहा जोड्या म्हणजे ३३ ते ३८ तास, आणि त्याच सुमाराला कोमट मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या भ्रूणाचं हृदय पहिल्यांदा फडफडताना दिसतं. मी मोजत होते ते कुणाच्या तरी घड्याळाचे ठोके आहेत, हे निवृत्तीनंतर वाचलं.

यात संगणक कुठेच ‘टिपत’ नाही, हे लक्षात आलं असेल. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये दोन रसायनांच्या चढाओढीतून पट्टे आणि ठिपके कसे उमटतील ते गणिताने दाखवलं, तेव्हा मँचेस्टरच्या खोलीभर संगणकावर ते आकडे फिरवत बसत. २०१४ मध्ये उंदराच्या बोटांच्या जागा ठरण्यामागे तशाच प्रकारचं जाळं असल्याचा पुरावा आला. मधली बासष्ट वर्षं त्या सुंदर कल्पनेवर ‘असं असेल’ अशी चिठ्ठी होती, आणि ती काढायची घाई सगळ्यांनी केली नाही.

तुमच्या ओळीने काय बिघडलं, ते आता सांगते. ती पुरवणी आली त्याच दिवशी संध्याकाळी शेजारची मुलगी, गरोदर आहे, पान घेऊन आली. “काकू, हा फोटो कुठे काढून मिळतो? आमच्या घरात जन्मजात हृदयाचा त्रास आहे.” तिची काळजी खोटी नव्हती, शंभरात जवळपास एका बाळाच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. तिला सांगावं लागलं, की चित्रातली ती अवस्था माणसात गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली आहे, भ्रूण तेव्हा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, आणि आईच्या पोटात तो असा पाहता येत नाही. हृदयाची थरथर सोनोग्राफीत दिसते ती नंतर, आणि बाळाच्या हृदयाची नीट तपासणी करणारी सोनोग्राफी साधारण १८ ते २२ आठवड्यांत होते, ती तुझ्या डॉक्टरांना विचारून जरूर कर. माणसाच्या त्या पहिल्या आठवड्यांबद्दल जे कळलंय, त्यातलं बरंचसं माझ्यासारख्यांनी काप काढलेल्या, जपून ठेवलेल्या भ्रूणांवरून. बाल्टिमोरला फ्रँकलिन मॉल यांनी सुरू केलेला संग्रह त्यात सर्वांत मोठा आधार, त्यावरूनच पहिल्या आठ आठवड्यांचे २३ टप्पे ठरले. तिला माझं पटलं, पण ती थोडी हिरमुसून गेली. वर्तमानपत्र खोटं कसं लिहील, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

तेव्हा विनंती अशी. असं चित्र छापाल तेव्हा खाली एवढं लिहा, की कोणत्या प्राण्याचं, प्रत्यक्ष पाहिलेलं की गणिताने काढलेलं, आणि रंग खरे की नंतर भरलेले. रंगांचं मुद्दाम सांगते. असल्या सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा बहुधा नुसता कमी-जास्त उजेड नोंदवतो, नारिंगी नि निळा नंतर माणूस निवडतो. यात गैर काही नाही, मीही गुलाबी आणि जांभळ्या रंगात काप रंगवतच आले. पण गुलाबी रंग बाटलीतला आहे हे आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असायचं. अशा ओळीला जागा फार लागत नाही. उदाहरणार्थ, ‘उंदराच्या हृदयनलिकेची संगणकीय प्रतिकृती, रंग कृत्रिम.’ तुमच्या ओळीपेक्षा एका शब्दाने लहानच आहे, मी मोजून पाहिलंय.

कळावे,

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ

ता. क. आणखी एक. चित्रातला भ्रूण समोरून दाखवलाय असं लेखात म्हटलंय. तसं असेल तर हृदयाचा बाक पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे भ्रूणाच्या उजवीकडे हवा. छापलेल्या चित्रात तो बरोबर उलट आहे. उंदराच्या भ्रूणात एका छोट्याशा खळग्यात सूक्ष्म केस फिरून द्रवाचा प्रवाह डावीकडे वाहवतात आणि त्यावरून डावं-उजवं ठरतं. हे १९९८ मध्ये दिसलं. माणसांत दहा हजारांत साधारण एकाचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट असतात. तुमच्या पानावरचं हृदय त्यातलं असण्यापेक्षा, मजकुराची जागा जुळवताना कुणीतरी चित्र उलटवलं असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. मूळ फाइल एकदा उघडून पाहावी.